वर्षभराचे वाचन आणि मित्रांच्या शिफारशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये राहणारे आम्ही काही मित्रमैत्रिणी दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी एकत्र बसतो आणि सरत्या वर्षात कोणी काय वाचले, हे एकमेकांना सांगतो. आमच्यात शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे आहेत, निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार आहे आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणारी एक मैत्रीणही आहे. साहित्यिक म्हणावे असे आमच्यात कोणी नाही. नव्याने येऊ इच्छिणारे लोक बहुधा तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत. आपल्या गावात किंवा सोसायटीत असा प्रघात सुरू करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनाही यातले काही उपयोगी पडावे.

बैठकीत नेमके काय होते?

प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटे मिळतात. त्यांपैकी पहिला भाग वर्षाचा असतो: वाचन कसे झाले, कधी अडले, कोणत्या पुस्तकाने पकडून ठेवले आणि कोणते हातातून सुटले. दुसरा भाग शिफारशींचा असतो, आणि त्याला आमच्याकडे एकच अट आहे. शिफारस समोर बसलेल्या एखाद्या व्यक्तीला उद्देशून, तिचे नाव घेऊन करावी लागते. "सगळ्यांनी वाचावे असे पुस्तक" ही शिफारस आम्ही धरत नाही. ही अट प्रथम ऐकणाऱ्यांना जाचक वाटते. तिच्यामागचे कारण पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात आले आहे.

बैठक दुपारी आणि गच्चीवर असते, कारण डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत संध्याकाळी पाचनंतर गच्चीवर बसून कोणी नीट ऐकत नाही. बैठकीआधी मिसळ असते. मिसळीच्या टेबलावर पुस्तके आणू नयेत, हा नियम लेखी नसला तरी कडक आहे. रश्श्याचा डाग कागदावरून जात नाही.

वर्षभरात किमान किती पुस्तके वाचलेली असावीत?

अशी कोणतीही किमान संख्या नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा संकोच असतो, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देणे भाग आहे.

आकड्यांची स्पर्धा सुरू झाली की माणसे पुस्तके निवडताना त्यांची जाडी बघू लागतात. जाड पुस्तक मागे पडते, पातळ पुढे येते आणि वर्षाअखेरीस यादी लांबते, पण त्या यादीतल्या अर्ध्या पुस्तकांबद्दल दोन वाक्ये सांगता येत नाहीत. उलट आमच्या द्राक्षबागायतदार मित्राचे उदाहरण घ्या. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत त्याला वाचायला फुरसत नसते, आणि थंडी फारच उतरली तर रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याचे वाचन मुख्यतः पावसाळ्यात होते आणि तेही मोजकेच. तरीही त्याने एका वर्षी दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'बद्दल जे सांगितले, ते ऐकून गटातल्या तिघांनी ते पुस्तक लगेच मिळवले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या ललितलेखांच्या पुस्तकात आपल्या महिन्यांप्रमाणे सृष्टीत होणारे बदल टिपले आहेत. त्याने ते महिन्याला एक लेख असे वाचले होते, आणि लेखातला महिना व त्याच्या बागेतला महिना कोठे जुळतो आणि कोठे जुळत नाही, हे तो पानोपानी सांगू शकत होता. लेखिकेला जे झाड दिसते ते शेतकऱ्याला बहुधा बांधावरची अडचण म्हणून दिसते, हे त्याचे निरीक्षण आम्हाला कोणत्याही समीक्षेत मिळाले नसते. त्या वर्षी त्याच्या यादीत त्याखेरीज फारसे काही नव्हते.

पूर्ण न वाचलेली पुस्तके सांगितली तर चालते का?

चालते, किंबहुना ती सांगावीतच. पुस्तक कोणत्या पानावर आणि कशामुळे सुटले, हे सांगणारा वाचक ऐकणाऱ्याचे मोठे काम करतो. भाषा जड होती, की पात्रांची नावे लक्षात राहीनात, की विषयच त्या दिवसांत सहन होण्यासारखा नव्हता, यांत फरक आहे. आणि शेवटच्या प्रकारातली पुस्तके दोन-तीन वर्षांनी पुन्हा हातात घेतली जातात, असा आमचा अनुभव आहे. फक्त अर्धवट वाचलेल्या पुस्तकावर पूर्ण वाचल्याच्या थाटात निकाल देऊ नये, इतकेच पथ्य आहे.

वाचलेल्या पुस्तकांची नोंद कशी ठेवावी?

वही, मोबाइल, कॅलेंडरची मागची बाजू, काहीही चालेल. गटातली एक शिक्षिका शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या पानांवर नोंदी करते आणि त्या आमच्या सर्वांच्या नोंदींपेक्षा चांगल्या असतात, कारण ती पुस्तकाचा गोषवारा लिहीत बसत नाही. तिची एक नोंद, तिच्या परवानगीने, येथे देत आहोत: "श्रावण. सोमवारची अर्धी सुट्टी. वाचनालयाची प्रत, मधली चार पाने सैल. मावशीचे प्रकरण दोनदा वाचले. आईला वाचून दाखवले, ती म्हणाली हे खोटे आहे, असे कोणी बोलत नाही. मग स्वतःच तसेच बोलली." एवढ्या नोंदीवरून वर्षाअखेरीस ते पुस्तक तिच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

कथानक कोठेही मिळते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ते छापलेलेच असते. आपण कोठे थांबलो, कोणाला वाचून दाखवले, कशावर चिडलो, हे मात्र त्याच दिवशी लिहिले नाही तर राहत नाही. तारीख, लेखकाचे आणि अनुवादकाचे नाव व प्रकाशन एवढे टिपलेले असावे, म्हणजे दुसऱ्याला तेच पुस्तक शोधताना आवृत्तीचा घोळ होत नाही. वाचनालयाच्या किंवा उसन्या प्रतीत पेनाने खुणा करू नयेत, हे येथे लिहावे लागू नये, पण लिहावे लागते.

दिवाळी अंक, ऐकलेली पुस्तके, मुलांना वाचून दाखवलेल्या गोष्टी आणि परीक्षेचा अभ्यास यांची गणना वाचनात होते का?

दिवाळी अंकांची निश्चितच होते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकांच्या कितीतरी पिढ्यांचे वर्षभराचे वाचन दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत दाटलेले आहे, आणि एखादी दीर्घकथा पुस्तकात येण्याआधी तेथेच भेटते. मात्र "अमुक अंक चांगला होता" असे न सांगता त्यातला कोणता लेख किंवा कोणती कथा, ते सांगावे.

ऐकलेल्या पुस्तकांबद्दल आमच्यात पूर्वी वाद होता. पाळी संपवून रात्री दुचाकीने घरी येणाऱ्या माणसाचे डोळे पुस्तकापुढे टिकत नाहीत, परंतु तोच माणूस सकाळी व्यायाम करताना स्टोरीटेल या ऐकण्याच्या पुस्तकांच्या अॅपवर कादंबरी ऐकतो आणि तिच्यातली वाक्ये आमच्यापेक्षा अचूक सांगतो. तेव्हापासून वाद मिटला. फक्त शिफारस करताना पुस्तक ऐकलेले आहे हे सांगावे, कारण चांगला वाचणारा आवाज असला की सामान्य मजकूरही तरून जातो.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवलेली पुस्तके आवर्जून सांगावीत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाची पुस्तके आम्ही धरत नाही, पण अभ्यासाच्या निमित्ताने वाचलेले एखादे इतिहासाचे पुस्तक मनात राहिले असेल तर त्याबद्दल बोलावे.

शिफारस कशी करावी?

येथे आमचे मत ठाम आहे. शिफारस ही पुस्तकाची प्रशंसा नव्हे. अमुक पुस्तक आणि अमुक माणूस यांचे आज जमेल, असा तो अंदाज असतो, आणि तो अंदाज करायचा तर पुस्तकाइतकेच माणसालाही ओळखावे लागते. म्हणूनच नाव घेऊन शिफारस करण्याची अट आहे.

"अप्रतिम पुस्तक आहे, एकदा हातात घेतले की खाली ठेववत नाही, प्रत्येकाच्या संग्रही असायलाच हवे." या वाक्यातून ऐकणाऱ्याला काय कळते? वक्त्याला पुस्तक आवडले, एवढेच. आता दुसरी शिफारस पाहा. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ मित्र बदलीच्या गावांतल्या एकट्या संध्याकाळींबद्दल नेहमी बोलत असत. त्यांना एका मैत्रिणीने व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' सुचवली. ती म्हणाली, "काका, यातला मास्तर कोवळ्या वयाचा आहे आणि माणदेशातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. गाव त्याला आधी ओळखच देत नाही. तुम्ही परक्या गावात सुरुवातीचे महिने कसे काढलेत ते सांगता ना, ते मला हे वाचताना आठवत होते. पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकींत होईल. सुरुवातीला फारसे काही घडत नाही असे वाटेल, पण तुम्हाला ते खटकणार नाही. शेवट मात्र कोरडा दुष्काळी आहे, तेव्हा तब्येत ठीक असताना वाचा." काकांनी ते वाचले, मग पुढच्या वर्षी पुन्हा वाचले, आणि आता ते दुसऱ्यांना सुचवायला आम्ही त्यांना बंदी घातली आहे.

या शिफारशीत पुस्तक कोणासाठी आहे ते आले, का आहे ते आले, किती वेळ लागेल ते आले आणि कोठे त्रास होईल तेही आले. त्रासाची सूचना लोक टाळतात, कारण त्यामुळे पुस्तकाची बाजू लंगडी पडेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळेच शिफारशीवर विश्वास बसतो. बोलीभाषा अवघड आहे, छपाई बारीक आहे, मधली शंभर पाने संथ आहेत, मुलाच्या मृत्यूचा प्रसंग आहे, हे आधी सांगितलेले बरे. नुकतेच घरात कोणी गेलेले असताना त्या माणसाच्या हातात तसलेच पुस्तक ठेवणे, याला आम्ही वाचनप्रेम मानत नाही.

मित्राच्या शिफारशीने पुस्तकाचे काय होऊ शकते, याचे एक मोठे उदाहरण नाशिककरांना ठाऊक असायला हवे. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकर यांनी पुढाकार घेऊन प्रकाशात आणला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. त्या वेळी खांडेकर प्रस्थापित कादंबरीकार होते आणि कुसुमाग्रज तिशीतले कवी. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ मिळाले, खांडेकरांना १९७४ चे आणि कुसुमाग्रजांना १९८७ चे. आपल्या शिफारशीतून असे काही घडणार नाही हे उघड आहे; पण दुसऱ्याच्या लेखनामागे आपले नाव उभे करताना थोडा विचार करावा, एवढे त्यावरून घेता येते.

एकाच व्यक्तीला अनेकांनी पुस्तके सुचवली तर?

तिने त्यांतले एक निवडावे आणि बाकीची निःसंकोच विसरावीत.

सुचवलेले पुस्तक आवडले नाही, तर तसे सांगावे का? मित्र दुखावला जाण्याची भीती वाटते.

सांगावे. मात्र "मला आवडले नाही" येथे न थांबता कोठे बिनसले ते सांगावे. 'कोसला'वरून आमच्याकडे जवळजवळ दर वर्षी खडाजंगी होते. भालचंद्र नेमाडे यांची ही १९६३ सालची कादंबरी जळगाव-धुळ्याकडून शिकायला किंवा नोकरीला नाशिक-पुण्यात आलेल्या आमच्या मित्रांना आपलीच वाटते, कारण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो आणि तेथून जे घेऊन परततो ते त्यांनी पाहिलेले असते. ज्यांनी ती पन्नाशीत प्रथम वाचली, त्यांना मात्र पांडुरंगापेक्षा त्याच्या वडिलांची काळजी वाटत राहते आणि निवेदकाचा तिरकसपणा त्यांना थकवतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. या भांडणातून एवढे निष्पन्न झाले की आता 'कोसला' सुचवणारा आधी समोरच्याचे वय विचारतो.

शिफारस फसली तर तो सुचवणाऱ्याचा अंदाज चुकला असे समजावे; समोरच्याच्या रसिकतेवर घसरू नये. "तुला ते कळलेच नाही" हे वाक्य बैठकीत उच्चारणाऱ्याकडे चहाची भांडी येतात.

सांगताना शेवट उघड करावा का?

रहस्यकथेचा करू नये. इतर बाबतींत आम्ही फारसे काटेकोर नाही, कारण ज्या कादंबरीत शेवट कळल्यावर वाचण्यासारखे काही उरत नाही, तिची दुसऱ्याला शिफारस करण्यातही फारसा अर्थ नसतो. तरीही बोलण्यापूर्वी विचारून घ्यावे.

नाशिकशी नाते असलेले लेखन वाचायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

हा आमच्या आवडीचा प्रश्न आहे. बाहेरगावाहून बदलीने आलेल्या नव्या मित्रांना आम्ही पहिल्या वर्षी बहुधा यांतलेच काहीतरी सुचवतो.

आमची पहिली पसंती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळ गोदाकाठी असलेल्या जलालपूरचा, १८६८ सालचा. १९३० च्या दशकात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याच्या पराकोटीच्या वेडापासून ते पती रेव्हरंड टिळक यांच्या ख्रिस्ती धर्मांतराने उभ्या राहिलेल्या वादळापर्यंत सर्व काही अशा घरगुती, मिश्कील मराठीत येते की शाळेचा म्हणावा असा अभ्यास न झालेल्या बाईने हे लिहिले आहे, याचे नवल वाटत राहते. दुःखाच्या ऐन प्रसंगी त्यांना विनोद सुचतो आणि तो ओढून आणलेला वाटत नाही. ज्यांना आत्मचरित्रांचा कंटाळा आहे, त्यांना आम्ही हे पुस्तक मुद्दाम देतो. पूर्ण ग्रंथ हाती घेण्याचे दडपण वाटत असेल तर संक्षिप्त आवृत्तीने सुरुवात करावी, पण तेथे थांबू नये.

दुसरे नाव बाबूराव बागूल यांचे. त्यांचा जन्म १९३० साली विहितगावचा. नाशिकरोडकडच्या मंडळींना हे गाव रोजच्या रस्त्यातले आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला आणि दलित साहित्याच्या वाटचालीत त्याचे स्थान पायाचे मानले जाते. या कथा सलग वाचू नयेत. एक वाचावी, दोन दिवस जाऊ द्यावेत, मग दुसरी घ्यावी. काळाराम मंदिराच्या परिसरातून ज्यांचे रोजचे जाणे-येणे आहे आणि १९३० साली तेथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहाची माहिती ज्यांना केवळ फलकापुरती आहे, त्यांना हे पुस्तक द्यावे असे आम्हाला वाटते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांची गीतेही याच ओघात वाचावीत. खरे तर ऐकावीत.

कुसुमाग्रजांच्या बाबतीत बहुतेकांची सुरुवात आणि शेवटही पाठ्यपुस्तकातल्या कवितांवर होतो. त्यांचा वाढदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होत असल्याने त्या दिवशी त्यांच्या ओळी सगळीकडे फिरत असतात, आणि त्यांतल्या काही त्यांच्या नसतातही. म्हणून मूळ संग्रह हाती घ्यावा. 'नटसम्राट' पाहिलेले असले तरी संहिता वेगळी वाचावी; रंगमंचावर नटाच्या आवाजाखाली दबणारी त्याच्या पत्नीची, कावेरीची, वाक्ये वाचताना पुढे येतात. नाटके वाचण्याची सवयच नसेल तर वसंत कानेटकरांपासून सुरुवात सोपी जाते. तेही नाशिकचेच, येथील महाविद्यालयात प्राध्यापक होते.

नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९४२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या, २००५ मध्ये केशव मेश्राम यांच्या आणि २०२१ मध्ये जयंत नारळीकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. विनोद, दलित जाणीव आणि विज्ञान असे तीन वेगळे रस्ते या तीन नावांतून निघतात. आमच्यातल्या एकाने एका वर्षी या तिघांचे प्रत्येकी एक पुस्तक वाचण्याचे ठरवले होते. ज्याला काय वाचावे ते सुचत नाही, त्याला असा बाहेरून मिळालेला आराखडा बरा पडतो.

पुस्तके विकत घ्यावीत की वाचनालयातून आणावीत?

ज्याची जशी ऐपत आणि जागा. दोन खोल्यांच्या घरात कपाटे किती वाढवायची, हा प्रश्न खरा आहे. सार्वजनिक वाचनालय, ज्याला सारे नाशिक 'सावाना' म्हणते, १८४० साली स्थापन झालेले आहे. इतका जुना वारसा असलेली वाचनालये महाराष्ट्रात मोजकीच आहेत. आता बाजारात मिळेनाशी झालेली पुस्तके अशा जुन्या संग्रहात सापडण्याची शक्यता असते, तेव्हा "आउट ऑफ प्रिंट आहे" असे दुकानदाराने सांगितले की हताश न होता देवघेव विभागात चौकशी करावी. जुन्या प्रतीच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली परतीच्या तारखांची चिठ्ठी अवश्य पाहावी. एखादे पुस्तक एका उन्हाळ्यात लागोपाठ पाच जणांनी नेलेले असते आणि मग कित्येक वर्षे एकही शिक्का नसतो.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या नाशिकमधून सुरू झालेल्या उपक्रमाची ग्रंथपेटी आपल्या परिसरात येते का, तेही पाहावे. वाचकांच्या एका गटाकडे पुस्तकांची पेटी यायची, काही महिने राहायची आणि मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल व्हायची, अशी साधी रचना आहे. या पेटीचा एक फायदा असा की आपण स्वतःहून कधीच निवडले नसते असे पुस्तक समोर येते.

विकत घेताना आमचा प्रघात असा की वर्षाच्या यादीतले ज्याला दुसऱ्यांदा वाचावेसे वाटले, ते विकत घ्यायचे. कवितासंग्रह मात्र सरळ विकत घ्यावेत. कविता परतीच्या तारखेआधी वाचून संपत नाहीत.

व्हॉट्सअॅपवर पुस्तकाची पीडीएफ आली आहे. ती गटावर पाठवू का?

प्रताधिकाराखालील (कॉपीराइट असलेले) पुस्तक असेल तर पाठवू नये. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे ६० वर्षे प्रताधिकार राहतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली वारल्या, म्हणजे त्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे; बागूल २००८ साली आणि कुसुमाग्रज १९९९ साली वारले, त्यामुळे त्यांचे नाही. अनुवादाच्या बाबतीत अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी अनुवाद अलीकडचा असू शकतो.

मराठी पुस्तकाची एक आवृत्ती खपायला किती काळ लागतो, हे प्रकाशन व्यवसायातल्या कोणालाही विचारावे. फुकट फिरणारी प्रत त्या खपाच्या मुळावरच येते. मोफतच वाचायचे असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके रीतसर खुली करून दिलेली आहेत, आणि मराठी विश्वकोशही खुला आहे.

मी मुख्यतः इंग्रजी वाचतो किंवा वाचते. बैठकीत येता येईल का?

जरूर यावे. बोलणे मराठीत असावे, वाचन कोणत्याही भाषेतले चालेल. इंग्रजी पुस्तकाबद्दल मराठीत पंधरा मिनिटे बोलताना सुरुवातीला अडखळायला होते, पण त्यामुळे तयार वाक्ये वापरता येत नाहीत आणि खरे मत बाहेर येते, असे दिसले आहे. मराठी अनुवाद उपलब्ध असेल तर त्याचाही उल्लेख करावा. इंग्रजीखेरीजच्या भारतीय भाषांकडे मात्र आपले वाचक कमी वळतात, हे आमचे गाऱ्हाणे आहे. एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी घरांत पोचल्या. तशी वाट तमिळ किंवा ओडिया साहित्याला मिळाल्याचे आमच्या याद्यांत तरी दिसत नाही.

या वर्षी माझे वाचन झालेच नाही. तरी यावे का?

यावे. आजारपण, मुलाची दहावी, घराचे बांधकाम, नोकरीतली ओढाताण अशा कारणांनी वर्षे जातात. ज्याचे वाचन झालेले नाही त्याने काय वाचायचे राहिले ते सांगावे आणि बाकीच्यांनी त्याला बारीकसे, सोपेसे काही सुचवावे. अशा वेळी जाड कादंबरी सुचवणे हा अत्याचार आहे. कथासंग्रह द्यावा, नाहीतर विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'सारखी छोटी कादंबरी. १९३९ सालची ही कादंबरी युद्धाच्या छायेत युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते आणि एका रविवारी वाचून होते.

उसने नेलेले पुस्तक परत येत नाही. काय करावे?

पुस्तक देतानाच पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहावी आणि नेणाऱ्याच्या देखत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. फोटो काढला जात आहे हे पाहिले की माणूस बहुधा वेळेत परत करतो. सहा महिने झाल्यावर मागायला संकोच करू नये. दोनदा मागूनही आले नाही तर दुसरी प्रत घ्यावी, आणि त्या मित्राला यापुढे फक्त नावे सुचवावीत.

लहान मुलांना आणता येईल का?

आणावे. मुलांना बोलण्याची सक्ती नाही, पण बहुतेकदा तीच आधी हात वर करतात. एका मुलीने आपल्या वडिलांना नाव घेऊन पुस्तक सुचवले होते आणि कारण दिले होते, "यातले बाबा फोन बाजूला ठेवतात." वडिलांनी ते पुस्तक वाचले की नाही, हे तिने पुढच्या बैठकीत सर्वांसमक्ष विचारले.

येण्यापूर्वी काही कळवावे लागते का?

आदल्या रविवारपर्यंत येणार असल्याचे कळवावे, म्हणजे मिसळीचा अंदाज बांधता येतो. आपल्याबद्दल चार ओळीही लिहून पाठवाव्यात: काम काय करता, वाचायला वेळ केव्हा मिळतो, अलीकडे कोणते पुस्तक सोडून दिले. या ओळी सर्वांना आधी पाठवल्या जातात, कारण आपल्याला ओळखत नसलेल्या माणसांना आपल्या नावाने शिफारस करायची असते. स्वेटर आणि पाठ टेकायला छोटी उशी आणावी. गच्चीचा कठडा कडक आहे.